हरीओमचा रंग

कारंज्याच्या बाजारात जानरावांचा छापखाना आहे. पत्रिका लग्नाची असो की श्राद्धाची, त्यांच्या हातून गेलेला चेहरा उजळलाच म्हणून समजा. उन्हात रापलेली माणसं अशी गोरीपान होऊन निघतात की सख्ख्या शेजाऱ्यानं ओळखू नये. जानरावांना याचा भारी अभिमान. इतक्या वर्षांत यावरून भांडायला कुणी आलं नव्हतं, आणि येईल असं त्यांच्या स्वप्नातही नव्हतं.

त्यामुळे किन्हीराजाच्या चतुराबाईंनी त्यांना चाटच पाडलं. बाईंचा तरणाताठा मुलगा हरीओम गेल्या वर्षी तापानं गेला होता. वर्षश्राद्धाच्या पत्रिकेवर त्याचा फोटो हवा होता. जानरावांनी नेहमीसारखं रंगीत प्रूफ काढून पुढं केलं, तर बाईंनी ते हातभर लांब धरलं.

"हा कोनाचा पोट्टा होय?"

"तुमचाच ना, बाई. हरीओम."

"माया हरीओम काळा होता, भाऊ. गावात घरोघर हाच कागद जाईन, अन् लोकं यालेच हरीओम समजतीन. तो होता तसा काढा."

जानरावांना रागही आला आणि लाजही वाटली. पण ते मुकाट्यानं कॉम्प्युटरपुढं बसले आणि लावलेला सगळा गोरेपणा उतरवला.

त्यांचं प्रूफ काढायचं यंत्र जुनं. त्यातला ड्रम विजेच्या ओढीनं रंगाची भुकटी उचलतो आणि ती कागदावर येते. मग तापलेला रोलर ती वितळवून पक्की करतो. हा रोलर केव्हाच जळाला होता. नवा मिळेना, तेव्हा जानरावांनी तो काढूनच टाकला आणि घरची इस्त्री आणून ठेवली. प्रूफ आलं की वर कोरा कागद ठेवून इस्त्री फिरवायची. तोवर चित्र म्हणजे नुसती रांगोळी.

नवं प्रूफ बाहेर आलं आणि नेमकी लाइट गेली. इस्त्री थंडच. जानरावांनी कागद अलगद टेबलावर ठेवला आणि उजेडासाठी मागचं शटर उघडायला गेले. हात लावू नका, एवढं सांगायचं तेवढं राहिलं.

चतुराबाई वाकल्या. या वेळी तो हरीओमच होता. तोच काळा रंग, तीच कपाळावरची चमक. तो शेतातून आला की घ्यायच्या तशीच त्यांनी त्याची अलाबला घेतली. दोन्ही तळवे गालांवरून फिरवले आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडली.

तो आवाज ऐकून जानराव वळले. कागदावर चेहरा नव्हता. खाली सदरा तेवढा शाबूत होता, वर दोन मळकट फराटे.

"पुसला! म्या माया हातानं लेकराले पुसला!" बाई किंचाळल्या.

"बाई, तो कॉम्प्युटरमदी हाय! आता दुसरा काढतो!" जानराव ओरडत होते. बाईंना काही ऐकू जात नव्हतं. शेवटी जानरावांनी फडकं ओलं केलं. निदान बाईंच्या कानशिलांवरची भुकटी तरी पुसावी म्हणून त्यांना उजेडात घेतलं, आणि फडकं हातातच राहिलं. भुकटी कुठं लागली तेच दिसेना. बाईंच्या कातडीत ती पार मिसळून गेली होती.

असा चपखल रंग त्यांच्या हातून आजवर निघाला नव्हता.

लाइट आली. जानरावांनी दुसरं प्रूफ काढलं, रंगाला जराही हात न लावता. इस्त्री फिरवली आणि बाईंसमोर चेहऱ्यावरून अंगठा जोरानं घासून दाखवला.

"पाहा, निंगत नाही आता. घ्या अलाबला."

चतुराबाईंनी वाकून बराच वेळ पाहिलं. हात मात्र मागंच धरून ठेवले होते.

"हाच माया हरीओम," त्या म्हणाल्या. "छापा तुमी. मी हात नाही लावत."