अप्पांची पिकअप आणि देवाचा कौल

गाडी आणायला निघालो ती एसटीनं. कोल्हापूर स्टँडवर रत्नागिरीच्या गाडीत आम्ही दोघं चढलो, मी आणि माझा धाकटा दीर सुनील. माझ्या पिशवीत भडंग आणि ड्रायव्हिंग लायसन्स होतं, गॅरेजमध्ये काम करणाऱ्या सुनीलच्या पिशवीत पाने आणि बॅटरी. निघताना सासूबाईंनी टोला हाणलाच, "ट्रॅक्टर शिकलीस ते शेतातल्या शेतात खपून गेलं. आता पिकअप घेऊन रस्त्यावर येणार, म्हणजे माणसांनी जायचं कुठं?"

माझी रोपवाटिका आहे. दर वर्षी हापूसची कलमं रत्नागिरीहून आणायची, आणि ती भाड्याच्या टेम्पोतून. टेम्पोवाला वाटेत चार ठिकाणी गप्पा मारणार, कलमं वाऱ्यानं सुकवणार आणि वर मलाच सांगणार, "झाडंच नाजूक हो तुमची." दोन हजार दोन सालचा मे संपत आला होता. पाऊस पडायच्या आत स्वतःची छोटी पिकअप दारात उभी राहिली पाहिजे, असं मी घरात जाहीर करून टाकलं. नवी परवडणारी नव्हती. कलमं देणाऱ्या व्यापाऱ्यानंच सांगितलं, की रत्नागिरीपलीकडे एका गावात अप्पा म्हणून बागायतदार आहेत, त्यांची पिकअप विकाऊ आहे, फक्त आंब्याच्या पेट्या वाहिलेली.

आंबा घाट उतरताना सुनील खिडकीला डोकं टेकून झोपला आणि प्रत्येक वळणावर कपाळ आपटून घेत राहिला. घाट संपला तशी हवा अंगाला चिकटायला लागली. साखरप्याला चहा प्यालो. तिथून पुढं माती तांबडी होत गेली, घरं जांभ्याच्या चिऱ्यांची, आणि रस्त्याच्या दोन्ही अंगांना गडगे (दगड रचून केलेल्या बुटक्या कुंपणभिंती). रत्नागिरीत पुढच्या गाडीला वेळ होता म्हणून मांडवीला जाऊन आलो. सुनीलनं समुद्र पहिल्यांदाच पाहिला. बराच वेळ बघून म्हणाला, "वहिनी, ह्या खाऱ्या वाऱ्यात पत्रा टिकणार कसा?" मेकॅनिकला समुद्र दाखवला की हे असं होतं.

गणपतीपुळ्याच्या दिशेनं जाणाऱ्या एसटीत कंडक्टरनं विचारलं, "कोणाकडे चाललांत?" अप्पांची पिकअप बघायला, असं सांगितल्यावर तो तिकीट फाडता फाडता थांबला.

"घेणार काय?"

"पसंत पडली तर."

"घ्या हो. घ्याच. नि लवकर घेऊन जा," तो म्हणाला आणि पुढं सरकला. गाडी इतकी चांगली असणार, असा अर्थ मी काढला आणि खूश झाले. गावाचं नाव मी मुद्दामच लिहीत नाही. त्याचं कारण पुढं कळेल.

अप्पा बेड्याशी (कुंपणाच्या आडव्या बांबूंच्या फाटकाशी) उभे होते. सत्तरीच्या आतले, उंच, पांढरा सदरा, ताठ मान. त्यांच्या पत्नी माई पदराला हात पुसत मागून आल्या. जेवायला बांगड्याचं तिखलं होतं (आमसुलं घातलेलं तिखट, दाटसर कालवण) आणि भात. सुनीलनं भात तीनदा घेतला. माई म्हणाल्या, "गाडी बघायला आलांत की जेवायला?" आणि चौथ्यांदा वाढला.

मग गाडी. मांगराशेजारी (अवजारं, पेंढा ठेवायच्या कौलारू खोपटाशेजारी) पेंढ्यावर उभी होती. पांढरी, आखूड नाकाची, मागं छोटासा हौदा. सुनील खाली शिरला, टकटक करत इकडून तिकडे सरकला आणि बाहेर येऊन माझ्या कानाशी म्हणाला, "इंजिन एक नंबर हाय. गंज बी फार न्हाई. पण डावी बाजू पुढनं मागंपतोर खरवडलीया. उजवीला एक ओरखडा न्हाई."

"रस्ते अरुंद हो आमचे," अप्पा मागून म्हणाले. त्यांचे कान तिखट होते.

फेरी मारायला निघालो. अप्पा चालवायला, मध्ये माई, कडेला मी आणि हौद्यात सुनील उभा. एवढ्या गर्दीत माई कशाला, हे मला कळेना. गाडी सुरू झाली आणि माईंचं तोंडही सुरू झालं. हळू आवाजात, थांबणं नाही. "सायकल येत्ये. डावीकडे गडगा. उतार हो आता. कडेने जनी चालल्ये, डोक्यावर भारा आहे. वळण, मोठं." अप्पा एक शब्द बोलत नव्हते. मला वैताग आला. आमच्या ह्यांनी मला गाडी चालवताना असं शिकवलं असतं, तर पुढच्या वळणावर उतरवून ठेवलं असतं. एका ठिकाणी डाव्या बाजूनं बकरी रस्त्यावर आली. माईंचा हात अप्पांच्या कोपरावर पडला आणि गाडी गचकन थांबली. हौद्यातून सुनीलची एक शिवी ऐकू आली.

परत येताना मी चालवायला बसले, अप्पा मागं हौद्यात सुनीलजवळ गेले. गाडी हाताला हलकी होती, चढावर कुरकुर नाही. मला ती आवडलीच. घर जवळ आल्यावर लक्षात आलं, की एवढ्या वेळात माई अवाक्षर बोललेल्या नाहीत. सायकली होत्या, गडगे होते, तीच वळणं होती. मांडीवर हात ठेवून त्या निवांत बसल्या होत्या, डोळे मिटून.

दुपारी आगरात (घरामागच्या नारळी-पोफळीच्या बागेत) त्या विहिरीवर पाणी काढत होत्या, तिथं मी गेले. विचारावं कसं, या विचारात होते. त्यांनीच घागर खाली ठेवली.

"काचबिंदू आहे ह्यांना. मुंबईस दाखवलं. गेलेली नजर येत नाही म्हणालान डॉक्टर. समोरचं दिसतं, नळीतून बघावं तसं. पेपर वाचतात, म्हणून कोणाला संशय नाही. कडेचं काहीच दिसत नाही. मी सांगत्ये नि हे चालवतात."

"आणि तुम्ही चालवू देता?"

माई माझ्याकडे बघत राहिल्या. "मागच्या महिन्यात शाळेतलं एक पोर वाचलं, माझा हात वेळेवर गेला म्हणून. विचारा, हे काय म्हणालेन? पोरांना वळण नाही म्हणालेन. त्या दिवसापासून मला झोप नाही हो. विका विका म्हणून मीच मागे लागल्ये. तोंडाने हो म्हणालेन. पण मनात नाही."

मनात नव्हतं ते संध्याकाळी कळलं. किंमत ठरली, चहा झाला आणि अप्पा म्हणाले, "सौदा पक्का. पण देवाला पाकळी लावून कौल विचारल्याशिवाय गाडी हलायची नाही. आणताना विचारून आणली होती. देताना नको?"

"आणि देव नाही म्हणाला तर?"

"तर नाही," अप्पा म्हणाले. त्यांच्या आवाजात मला आशा ऐकू आली. मला संताप आला होता, खोटं कशाला बोलू. पिकअपचा व्यवहार पाकळीवर टाकणारा माणूस मी पहिल्यांदाच बघत होते. सुनील मात्र म्हणाला, "बरंय की, उद्या सकाळचं जेवान बी हितंच."

सकाळी देवळात गेलो. चार मानकरी आधीच येऊन बसले होते. गुरवानं काळ्या पाषाणाच्या दोन्ही खांद्यांवर भिजवलेल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग त्यानं हात जोडून गाऱ्हाणं घालायला सुरुवात केली. गाऱ्हाणं म्हणजे देवाला मोठ्यानं सांगितलेली हकिगत. त्याच्या प्रत्येक वाक्याला हजर असलेल्यांनी रुकार द्यायचा असतो.

"बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराने तुला विचारून गाडी आणलीन."

"होय महाराजा," सगळे म्हणाले.

"आज ती घाटावरची पाव्हणी मागत्ये."

"होय महाराजा."

"द्यावी असं तुझ्या मनात असेल, तर उजवा दे."

"होय महाराजा."

आम्ही वाट बघत बसलो. पंखा नव्हता, घाम मानेवरून ओघळत होता. डावी पाकळी पडली.

अप्पांचा चेहरा उजळला. "झालं. देवाने सांगितलंन. तुमचा हेलपाटा फुकट गेला, वाईट वाटतं," ते मला म्हणाले. त्यांना मुळीच वाईट वाटत नव्हतं. मी पिशवी उचलली.

तोवर बायकांच्या बाजूला खांबाशी बसलेल्या माई उठल्या. "परत लावा," त्या गुरवाला म्हणाल्या.

"वहिनी, एकदा दिलेला कौल..."

"तो अर्धवट गाऱ्हाण्याला दिलेला आहे. त्याला खरं कुठे सांगितलंत? खरं सांगा, मग काय द्यायचा तो देईल."

"काय सांगू?"

"सांगा, ह्यांना कडेचं दिसत नाही. सांगा, एक दिवस कोणाचं तरी पोर चाकाखाली येणार आहे."

"अगो, काय बोलतेस तू!" अप्पा ओरडले. गाभाऱ्यात आवाज घुमला. माई खाली बसल्या नाहीत.

गुरवानं मान खाली घातली. पाकळ्या पाण्यात बुडवल्या, निथळल्या, पुन्हा बुडवल्या. मग त्या चिकटवून त्यानं हात जोडले. आवाज मघाचाच होता, पण सावकाश.

"बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची नजर अधू झाली."

कोणी काही बोलेना. अप्पा एकेका मानकऱ्याकडे मान वळवून बघत होते. पूर्ण वळवावी लागत होती, हे आता मला दिसलं. कोणीतरी हसेल, भलतंच काय म्हणून विचारेल, याची ते वाट बघत असावेत. सगळ्यांत म्हाताऱ्या मानकऱ्यानं डोळे मिटून घेतले आणि म्हटलं, "होय महाराजा."

मग दुसरा म्हणाला. मग उरलेले दोघं, एकदमच.

"ठाऊक होतं तुम्हाला?" अप्पांनी विचारलं. आवाज अगदी बारीक झाला होता.

म्हातारा म्हणाला, "अप्पा, वर्ष झालं. तुझी गाडी ऐकू आली की आम्ही पोरं घरात घेतों. मी स्वतः गडग्यावर चढून उभा राहतों."

"नि बोललास नाय?"

"काय बोलू? माझी सून अडली होती, तेव्हा भर पावसात ह्याच गाडीतून नेलीस. गावातले गणपती तू आणतोस. तुला कोणत्या तोंडाने सांगायचं, की गाडी ठेव म्हणून?"

गुरव गाऱ्हाण्यात अडकून पडला होता, रुकार पुरा झाल्याशिवाय त्याला पुढं जाता येईना. त्यानं अप्पांकडे पाहिलं आणि तेच वाक्य पुन्हा म्हटलं. "बा महाराजा, ह्या तुझ्या लेकराची नजर अधू झाली."

अप्पांनी हात जोडले. ओठ दोनदा हलले. तिसऱ्यांदा शब्द बाहेर आले. "होय महाराजा."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सुनीलनं तोंड फिरवलं. पुढचं गाऱ्हाणं माझ्या नीट लक्षात नाही. उजवी पाकळी पडली. वाळली की पाकळी पडते, हे झाडांत आयुष्य काढलेल्या बाईला कोणी सांगायला नको. पण त्या वेळी मी नमस्कार केला, आणि मनापासून केला.

निघताना अप्पा म्हणाले, तिठ्यापर्यंत (तीन रस्ते मिळतात तिथवर) येतो. मी चालवायला, मध्ये माई, कडेला अप्पा आणि मागं सुनील. आयुष्यात पहिल्यांदाच ते या गाडीत त्या बाजूला बसत होते. दाराची काच खाली करायची दांडी त्यांना पटकन सापडली नाही. हातखंब्याच्या तिठ्यावर दोघं उतरले, तिथून त्यांना एसटीनं परत जायचं होतं. अप्पांनी बॉनेटवर हात ठेवला आणि मला म्हणाले, "दुसऱ्या गिअरला जरा अडून बसते. रागावू नका तिच्यावर." मग त्यांनी सुनीलला उगाचच टायरमधल्या हवेबद्दल दोन गोष्टी सांगितल्या.

पालीपर्यंत मी नीट चालवली. घाटात खरोखरच दुसरा गिअर अडला आणि मागं एक ट्रक हॉर्न वाजवत राहिला. सुनील शिकवायला लागला, त्याला मी गप्प बसवलं. मनात त्या गावाचा राग येत होता. पोरं घरात घ्यायची, पण तोंड उघडायचं नाही, ही कसली माया? घाट चढून गार वारा लागला तेव्हा राग थोडा उतरला. मी तरी कोणाला सांगितलं असतं? आदल्या दिवशी विहिरीवर मला सगळं कळलं होतं, आणि तरी देवळात पिशवी उचलून मी निघालेच होते. खरं बोलायला त्या सबंध गावात एकट्या माई उभ्या राहिल्या. नवऱ्याला चारचौघांत उघडं पाडणं किती जड जातं, ते बायकांना विचारा.

घरी सासूबाईंनी गाडीवरून भाकरतुकडा ओवाळला आणि दूर जाऊन उभ्या राहिल्या. पावसाच्या आत कलमांची पहिली खेप आणली. एकही कलम सुकलं नाही.

पाऊस लागून दीडेक महिना झाल्यावर एकदा माईंना फोन केला. गाडीच्या कागदांचं एक काम होतं. ते झाल्यावर भीत भीतच विचारलं, "अप्पा कसे आहेत?"

"महिनाभर घराबाहेर पडले नाहीत," माई म्हणाल्या. "आता पडतात. काठी घेतलीन. देवळात एकटे जातात, मला येऊ नको म्हणतात."

"आणि वाटेत?"

"वाटेत कडेने कोणी चाललेला कळला की थांबतात नि विचारतात, कोण रे तू? इतक्या वर्षांत कधी विचारलं नव्हतंन हो. लोकं पण थांबतात, नाव सांगतात."