हा 'एक' कुणाचा?

काझीसाहेबांचा कशावरच विश्वास नव्हता. दुकानातून आलेला नवा सेलसुद्धा ते मीटर लावून तपासत. कुणी "चालतंय साहेब" म्हटलं, की ते हटकून उठून बघायला जात. वाळूजच्या आमच्या छोट्या कारखान्यात बोअरच्या मोटारी चालू-बंद करणारे पॅनल बनत. त्यांतल्या चिपचा प्रोग्राम काझीसाहेब असेंब्ली या चिपच्या भाषेत लिहीत. मी वैजापूरहून डिप्लोमा करून आलेली, त्यांच्या हाताखाली.

"हे तूच लिहिलं का कुठून उतरवलं, बेटा?" माझ्या प्रत्येक पानावर हाच प्रश्न. मला वाटे, मला काढायचं निमित्त शोधतायत.

माझाही त्यांच्यावर संशय होताच. प्रोग्राम चालताना ज्या ओळींवर उडी मारून जातो, त्या जागांना ते नावं देत नसत, नुसते आकडे देत. 'एक' कितीही वेळा वापरायचा. उडी मारताना मागचा एक की पुढचा एक, एवढंच सांगायचं. त्या बाजूला जो सगळ्यांत जवळ, तिथं उडी. हे दुसऱ्या कुणाला कळू नये म्हणूनच असं लिहितात, असं मी एकदा बोलून दाखवलं. ते शांतपणे म्हणाले, "नाव दिलं की लांबून कुणीबी उडी मारून येतं. आकडा फक्त शेजारपाजारापुरता."

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं, बोअर आटत चालले होते. बजाजनगरच्या एका सोसायटीत आमच्या पॅनलवरची मोटार कोरडी फिरून जळली. तीन दिवस लोक टँकरमागं धावले. मालकांनी संध्याकाळपर्यंत कारण मागितलं.

काझीसाहेब छापील पानावर पट्टी ठेवून एकेक ओळ उतरत गेले. 'पाणी संपलं तर पुढच्या एकवर जा', आणि तिथं मोटार बंद, असं त्यांनी लिहिलेलं. पण मधे, थोडं थांबण्यासाठी, कुणीतरी नवा 'एक' घातला होता. उडी तिथंच पडे आणि तिथून परत सुरुवातीला. मोटार बंद होतच नव्हती.

"हा एक कुणाचा?"

मी त्या ओळीवर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझा."

"व्हय," एवढंच ते बोलले.

मालकांना मात्र त्यांनी सांगितलं, "चूक माझी. तपासून सही मीच केली." मी शेजारी उभी होते.

महिनाअखेर ते गेले. काढलं की सोडलं, कळलं नाही. फाटकाशी मी विचारलं, "माझं नाव का नाही घेतलं, साहेब?"

"त्या दिवशी तू खरं बोललीस. नाव घेतलं असतं, तर पुढच्या खेपेला बोलली नसतीस."

मालकांना ते खरं मी कधीच सांगितलं नाही. आता माझ्या हाताखाली चौघं आहेत. कुणाची चूक सापडली, की मालकांच्या केबिनमध्ये मी एकटीच जाते.