बोटांनीच मारायचा बाण

माझ्या सरांनी माझ्याशी खोटं बोलून मला खेळ सोडायला लावला.

आज सकाळी सर गेले.

अमरावतीत ज्यांनी कधी धनुष्य हातात धरलं, त्यांना सर माहीत आहेत. आणि सरांचा नियमही. बाण बोटांनीच मारायचा.

बाकीच्यांसाठी सांगते. दोरी बोटांनी ओढून सोडता येते, किंवा रिलीज वापरता येतो. रिलीज म्हणजे मनगटाला पट्ट्याने बांधायचा छोटा खटका. दोरी त्याच्यात अडकवायची, ओढायची, खटका दाबायचा. बोटांवर ताण येत नाही. टोकांना चाकं असलेलं कंपाउंड धनुष्य वापरणारे तोच वापरतात.

आमच्या क्लबमध्ये दसऱ्याला सतरंजीवर सगळ्यांची धनुष्यं मांडून पूजा व्हायची. एका वर्षी आमच्यातल्याच दिनेशने हळूच नवीन रिलीज ठेवला.

सर म्हणाले, "उचल ते. पूजा हत्याराची हाय, मिक्सरची नाही."

आम्ही खूप हसलो. मी सगळ्यात जास्त.

एम.ए.ला असताना माझं मधलं बोट बधिर झालं. कुर्त्याचं बटण लागेना. डॉक्टर म्हणाले, बोटाने दोरी ओढणं बंद, नाहीतर नस कायमची जाईल.

राज्याची निवड चाचणी तोंडावर होती. मी सरांकडे गेले.

"सर, कंपाउंड घेऊ काय? रिलीजनं मारतो."

सर टार्गेटमधून बाण उपसत होते. मागे वळूनही पाहिलं नाही.

"खटका दाबाले तिरंदाज कायले लागते वं? बोटानं होत नसन तर घरी बस."

मी घरी बसले.

खरंच. धनुष्य क्लबला परत केलं आणि बसले. बोट पुढे बरं झालं, पण तोवर नोकरी, लग्न, सगळं सुरू झालं होतं. मैदानाजवळून जायचं टाळायला मी ऑटोवाल्याला लांबचा रस्ता सांगायची.

पण सरांवर राग नव्हता. उलट अभिमान होता. आपले सर तत्त्वाचे, असं मी माझ्या विद्यार्थ्यांनाही सांगत आले.

गेल्या हिवाळ्यात परीक्षेच्या ड्यूटीवर अकोल्याला गेले होते. संध्याकाळी पाय मोकळे करायला निघाले, तर एका शाळेच्या मैदानावर टार्गेट लावलेलं दिसलं. एक म्हातारा माणूस पाठमोरा उभा. दोरी ओढण्याआधी त्याने डावा खांदा जरा खाली सोडला.

तो खांदा मी हजार माणसांत ओळखला असता.

खट्.

बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात. मनगटाला रिलीज.

"सर?"

त्यांनी तो काढला नाही. लपवलाही नाही.

"तू कवा आली वं अकोल्याले?"

"सर, हे काय?"

"रिलीज हाय. पाह्यला नाही काय कदी?"

"कवापासून?"

"तुह्या बोटाच्या आंदीपासून. माही तर दोन बोटं बधिर होऊन गेली होती. सासरवाडी इथंच, रविवारी येऊन मारत होतो."

म्हणजे मला घरी बस म्हणाले, तेव्हा ते स्वतः घरी बसले नव्हते.

"मंग मले काहून नाही म्हटलं, सर?"

"अमरावतीत लोक मले बोटासाठी ओयखत. तुले हो म्हटलं असतं तर मंग माहं काय राह्यलं असतं? अन् मी तर सगळ्यायलेच नाही म्हणत होतो. दिनेशनं ऐकलं काय? कोणीच नाही ऐकलं. मले वाटलं, तूबी मनात चार शिव्या देशीन अन् रिलीज घेशीन. तूच एकटी ऐकली."



त्यांनी चहा पाजला. मी प्यायले. का प्यायले, हे तेव्हापासून स्वतःला विचारते आहे.

आणखीही एक विचारलं. चाचणीची भीती वाटत होती म्हणून मी त्यांचा नकार सोयीने घेतला का? पुन्हा पुन्हा आठवून पाहिलं. नाही. मला ती चाचणी द्यायची होती. फार द्यायची होती.

आज सरांच्या घरी गेले तेव्हा अंगणात त्यांच्याभोवती सगळा जुना क्लब उभा होता. दिनेश आता स्वतः कोच आहे. बोटांना लावायचा चामड्याचा टॅब घेऊन आला होता. "सरांच्या हातात हाच पाहिजे. बोटांचा माणूस." सगळे रडत होते.

काकूंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, मला आत बोलावलं. पदराखालून रिलीज काढला.

"तू पाह्यला होता म्हने अकोल्याले. त्यायनं सांगतलं होतं मले. आता काय ठेवू हातात? तू सांग."

"काकू, मी कशी सांगू? तुमाले काय वाटते?"

"मले काय वाटाचं? मी त्यायच्या बोटायले तेल लावू लावू थकली. नुकसान तुह्यं झालं. तू सांग."

टॅब म्हटलं असतं तर सरांचं नाव जसंच्या तसं राहिलं असतं. कोणाचं काही बिघडलं नसतं. माझं आधीच बिघडलं होतं.

मी रिलीज घेतला आणि अंगणात येऊन त्यांच्या मनगटाला बांधला. पट्टा एकाच भोकात झिजलेला होता, तिथेच बसला.



"ताई, हे कोणाचं?" दिनेश म्हणाला.

"सरांचं."

एक आजोबा पुटपुटले, "लोखंड जळत नसते, बाप्पा."

काकू दारातूनच म्हणाल्या, "राहू द्या."

मी हे खरं सांगायला केलं की सूड म्हणून, मला कळत नाही. काकूंना विचारूनच ही पोस्ट लिहिते आहे. त्या म्हणाल्या, लिही.

सर, धनुष्य धरायला तुम्हीच शिकवलंत. ते मी विसरणार नाही. दुसरंही विसरणार नाही.

शेवटचा नमस्कार.