मटकी भिजत घालून

आमच्या चिटगुप्पा गावात माझ्या नणंदेने ज्याच्यावर संशय घेतला नाही असा माणूस अजून जन्मायचा आहे, आणि जन्मला तरी ती आधी त्याच्या मुठी उघडून बघेल. आम्ही दोघी म्हाताऱ्या एका घरात राहतो. मी तिला वन्सं म्हणते, ती मला वहिनी म्हणते, आणि माझ्यावर तिचा काडीचा भरवसा नाही. कुलूप लावलं की ती ते ओढून बघते, गल्लीच्या कोपऱ्यापर्यंत जाऊन परत येते, पुन्हा ओढते, आणि मग ओढून ओढून ते सैल झालं असेल अशी शंका तिला येते. लग्नाची पत्रिका आली की वरचं कुंकू नखाने खरवडते; पत्रिका दुसऱ्या कुणासाठी लिहिली होती का, हे तिला त्यावरून कळतं म्हणे. टीव्हीवरची बाई पाऊस येणार म्हणाली, तर हिचं म्हणणं, "तिची सोताची केसं कोरडी हायती. तिला काय ठाऊक?" एकदा डॉक्टरने गुडघ्यासाठी गोळी दिली, तेव्हा त्यालाच म्हणाली, "आधी तुमी खावा." तो हसला. ती हसली नाही. गोळी पदराला बांधून घरी आणली, ती अजून देव्हाऱ्यामागे आहे. "सुम्ने कोण काय देत न्हाई," हे तिचं रोजचं बोलणं. सुम्ने म्हणजे उगाच; आमच्याकडे कानडी आणि मराठी एकाच ताटात जेवतात.

माझी नात हैदराबादला नर्स आहे. तिने फोनवर सांगितलं की तिच्या खोलीजवळ जुनं दगडी चर्च आहे, खिडक्यांना रंगीत काचा आहेत, पहाटेच्या बसने या आणि संध्याकाळी परत जा. देवळं झाली होती, दर्गे झाले होते, चर्च आतून कधी बघितलं नव्हतं. मी हो म्हणाले. पोरगी तेवढ्यावर थांबली असती तर बरं झालं असतं. ती पुढे म्हणाली, "अन् बाजूलाच म्हाताऱ्या बायांचा आश्रम हाय, लई स्वच्छ ठेवलाय." वन्सं शेजारी शेंगा फोडत बसली होती. तिचा हात थांबला.

त्या दिवसापासून आमच्या घरात चर्चची चौकशी बसली. तिकीट किती? तिकीट नाही म्हटलं. "मग फुकट कामून दाखवायलेत?" आत बसायला बाकं असतात म्हटलं. "देवळात माणूस भुईवर बसतंय, ढुंगण दुखलं की उठतंय. बाकावर बसवतेत म्हंजे लई वेळ बसवायचा बेत हाय." चपला घालून आत जातात हे तर तिला मुळीच पटलं नाही. जिथे चपला चोरीला जात नाहीत तिथे माणसंच ठेवून घेत असणार, असा तिचा हिशेब. गळ्यातलं इष्टलिंग काढायला लावतील का? परतीची बस भरली तर दुसरी आहे का? ती बिघडली तर? शेवटी मी म्हणाले, "वन्सं, तुमी ऱ्हावा घरी. मी एकटी जाते."

"व्हय, म्हंजे तिथं माझं नाव लावून येशील."

जायच्या दिवशी पहाटे मी पिशवीत भाकरी, शेंगांची चटणी आणि तिचं एक जास्तीचं लुगडं ठेवलं. पावसाचे दिवस होते. तिने लुगडं काढलं. मी ठेवलं. तिने पुन्हा काढलं आणि छातीशी धरून बसली.

"एका दिसासाठी दुसरं लुगडं कशाला लागतंय?" ती म्हणाली. "मला बी एका दिसासाठीच आणलं हुतं की."

ते खरं होतं. तिचा नवरा वारला तेव्हा ती विशीतली होती. तिच्या दिराने तिला सासरहून, आळंदहून, आमच्याकडे आणलं, भावाला भेट, संध्याकाळी न्यायला येतो, असं म्हणून तो गेला. पिशवीत एक लुगडं जास्तीचं होतं. ती पिशवी मांडीवर घेऊन ओट्यावर बसली, दिवे लागले तरी उठेना. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. दीर काही आला नाही. त्यावर आमच्या घरात कुणी कधी बोललं नाही, तीही नाही.

मी समजूत घालणारी बाई नव्हे. मी उठले, डबा काढला, मटकी पातेल्यात ओतली आणि वर पाणी सोडलं. म्हणाले, "ही आज आल्यावर उपसून फडक्यात बांधाय पायजे. मी बांधली की वास मारती, तुमाला ठाऊक हाय. तुमी न्हाई आलात तर वाया जाईल." तिने पातेल्यात बोट घालून बघितलं, मटकी खरीच आहे ना. मग चप्पल घातली. लुगडं घरीच राहिलं.

चर्च उंच होतं आणि आत गार होतं. ती दाराजवळच्या शेवटच्या बाकावर बसली, पाय बाहेरच्या बाजूला काढून. खिडकीतला लाल-निळा उजेड तिच्या मांडीवर पडला, तो तिने हाताने झटकला, मग लुगडं चोळलं. "डाग पडला काय गं?" उजेड आहे, असं नातीने सांगितलं. तिने हात उजेडात धरला, मागे घेतला, पुन्हा धरला. बराच वेळ तिचं तेच चाललं होतं.

बाहेर आल्यावर म्हणाली, "आता त्यो आश्रम दाव." फाटकाच्या आत झाडाखाली बाया बसल्या होत्या. त्यातली एक फाटकाकडे तोंड करून, मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. तिने विचारलं, "किसकू मिलना अम्मा?"

"किसीकू नै," वन्सं म्हणाली. "मटकी भिगाके आए. शामकू वापस जाना है."

"हौ, तो जाओ जल्दी," ती बाई म्हणाली.

वन्संने आमची भाकरी-चटणी काढून तिच्या हातात दिली आणि वळली. कामून, असं मी विचारलं नाही.  घरी आल्यावर वन्सं चप्पल न काढताच पातेल्याकडे गेली. मटकी टच्च भिजली होती.

आता माझ्या छातीच्या दुखण्यासाठी मला अधूनमधून कलबुर्गीला जावं लागतं. सकाळी जायचं, संध्याकाळी परत. मी निघाले की वन्सं डबा काढते आणि मटकी भिजत घालते. इतकी उसळ कोण खाणार, असं मी विचारते. ती म्हणते, "तुझा काय भरवसा?" डॉक्टरचं तोंड बघितलं की वाटतं, या वेळी तिचा संशय अगदीच खोटा नाही. एखाद्या संध्याकाळी ती मटकी तिला एकटीपुरतीच बांधावी लागेल. तोवर मी परतीच्या बसमध्ये खिडकीशी बसते, आणि ड्रायव्हर मुद्दाम गाडी हळू चालवतोय असा मला संशय येतो.