इराणची मांजर शोधत पातूरपर्यंत

एप्रिलमध्ये वऱ्हाडात जाऊ नकोस, असं मला पाच जणांनी बजावलं आणि मी एप्रिलमध्येच गेले. थांबायला वेळच नव्हता. माझी चार वर्षांची पर्शियन मांजर, मलई, दोन महिन्यांपासून आजारी होती. सोनोग्राफीत दोन्ही मूत्रपिंडांत पाण्याच्या गाठी दिसल्या. "हे आईबापाकडून येतं," डॉक्टर म्हणाले. "लांब केसांच्या या जातीत बरंच आढळतं. बरं होत नाही, सांभाळायचं."

मलई आली होती अमरावतीच्या एका दुकानातून, माझ्या नणंदेने, सुधाताईंनी पाठवलेली. आणि आता त्याच दुकानातून, मलईच्याच आईच्या नव्या पिल्लांतला एक बोका सुधाताई स्वतःसाठी आणणार होत्या. मुलगा बंगळुरूला गेल्यापासून त्यांना घर खायला उठतं. फोटो बघून बोका पसंत केला होता, नावही ठरलं होतं, गब्बू. मी फोनवर सांगून पाहिलं, तर म्हणाल्या, "वहिनी, तुले तं देवाच्या प्रसादातबी खोट दिसते."

दिसते, खरं आहे. मी आंबा चारदा हुंगून घेते आणि हॉटेलात बाटलीचं सील उजेडात धरून बघते. म्हणून तर निघाले.

अमरावतीला स्वतःचं स्टेशन असलं तरी पुण्याहून मला सोयीची गाडी बडनेऱ्याची मिळाली. सकाळी उतरले. रिक्षावाल्याने तीनशे सांगितले, मी सरळ चालायला लागले, तेव्हा दीडशेवर आला. खरा भाव शंभर असणार ही शंका मला अजून आहे. सुधाताईंनी गिला वडा आणून ठेवला होता. अमरावतीला गेलात तर सकाळीच खा, दह्यासकट. दुपारच्या तेलाची खात्री मी देणार नाही.

दुकान पक्ष्यांच्या पिंजऱ्यांचं. मालकाच्या मागे भिंतीवर सोनेरी कडांची सर्टिफिकिटं. मलईचंही माझ्याकडे आहे: 'थेट इराणच्या राजघराण्यातील वंश.'

"पिल्लांची आई बघायची आहे," मी म्हटलं.

"आई नाही दाखवत मॅडम. रॉयल ब्लड हाय, लोकाईची नजर लागते."

"इराणहून इथे कशी आली ती? कोणी आणली?"

मालक माझ्याकडे बघून हसला. "मॅडम, सर्टिफिकेट झेरॉक्सच्या दुकानात बनते. पब्लिकले इरान लागते, मी इरान देतो. मांजर तं चांगली हाय ना?"

चांगली? माझं डोकंच फिरलं. गेल्या दोन महिन्यांत मी या जातीबद्दल मिळेल ते वाचलं होतं. लांब केसांच्या मांजरी इराण आणि तुर्कस्तानातून व्यापारी-प्रवाशांबरोबर युरोपात गेल्या असं सांगतात. पण आज आपण जिला पर्शियन म्हणतो ती घडली इंग्लंडात, हौशी लोकांच्या मांजरप्रदर्शनांत. आणखी केस हवेत, आणखी गोल डोकं हवं, म्हणून निवडून निवडून जोड्या लावल्या. नाक आणखी चपटं केलं अमेरिकेत. बक्षीस मिळवणाऱ्या त्याच त्या घराण्यांत सोयरिकी होत राहिल्या आणि केसांबरोबर हा मूत्रपिंडाचा रोगही पसरला. म्हणजे इराण बिचारा नावापुरता. राजघराण्याचं ते सोनेरी सर्टिफिकेट मी चार वर्षं फ्रेम करून लावलं होतं, मी! प्रत्येक गोष्टीत खोट बघणारी!

पिल्लं कुठून येतात तो पत्ता दुकानदाराने दिला नाही. पण घरी आल्यावर सुधाताई सहज बोलून गेल्या, "मलई आली तवा टोपलीत झेंडूच्या पाकळ्या होत्या व. चार दिवस घरात वास होता. अकोल्याकडून फुलांच्या गाडीत आली म्हने."

दुसऱ्या दिवशी दोघी एसटीने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूरमार्गे दोन-अडीच तास. खिडकीची जागा धरू नका, झळ थेट तोंडावर येते. सुधाताई का आल्या? "तू त्या मानसाशी भांडशीन आणि माहा गब्बू जाईन, म्हनून." मोर्णा नदी ओलांडून जुन्या शहरात गेलो, हारवाल्यांना विचारत सुटलो. सगळे माझ्याकडे मी पोलिसातली असल्यासारखे बघत होते. शेवटी गजरे ओवणाऱ्या एका म्हाताऱ्या बाबांनी मान वर न करता सांगितलं, "केसाळ मांजर ना? पातूरची कमलबाई. शेवंतीवाली."

पातूर तासाभरावर. गावाजवळ जुनी लेणी आहेत, तुम्ही जरूर बघा. मी बघितली नाहीत.

कमलबाईंचा फुलांचा मळा गावाबाहेर होता. पन्नाशीची, काटक बाई. "मांजर? हे काय," म्हणून त्यांनी बाजेखाली बोट दाखवलं. तिथे एक हडकुळं, तोकड्या केसांचं जनावर पडलं होतं. फक्त तोंड आणि शेपटीचा गोंडा केसाळ.

"ही पर्शियन?" मी ओरडलेच. "ताई, बघा! साधी गावठी मांजर!"

"अवं माय, कातरली तिले!" कमलबाई म्हणाल्या. "मेंढरं कातरनारे आले होते, त्याईच्याच कातरीनं. ह्या उनात एवढा कोट घालून कोन जगीन? दरसाल कातरतो."

"आणि इराण?"

"कोनतं इरान? अकोल्याच्या एक बँकेतल्या बाई होत्या, बदली झाली तवा ठेवून गेल्या."

मी ओशाळले. तेवढ्यात मांजर उठली, ठिबकच्या नळीपाशी गेली आणि पाणी चाटू लागली. थांबेचना. मलईचा आजार असाच सुरू झाला होता, वाटीमागून वाटी पाणी पिऊन.

"ही नेहमी एवढं पिते?"

"उन्हाळा हाय ना बाई. आमीबी पेतो."

"आणि हिवाळ्यात?"

कमलबाई मांजरीकडे बघायला लागल्या. "थंडीतबी एवढंच पेते," म्हणाल्या, आणि मग एकदम माझ्याकडे रोखून बघत, "तू कोन व? दुकानवाल्यानं धाडली का? रोगी म्हनून फुकटात न्याले?"

आयुष्यात पहिल्यांदा संशयाच्या दुसऱ्या टोकाला मी होते. फार वाईट वाटतं हो. मी मोबाईलवर मलईचे फोटो, रिपोर्ट, सगळं दाखवलं. कमलबाईंनी मलईच्या फोटोवर बोट फिरवलं. "हे माही पिल्ली. हिच्या कानावरचा डाग पाहा." मग डोक्यावर पदर घेतला आणि मांजर टोपलीत घालून आमच्याआधी रस्त्यावर जाऊन उभ्या राहिल्या.

अकोल्याच्या पशुवैद्यांनी सोनोग्राफी केली. दोन्हीकडे गाठी. "हिला आता पिल्लं होऊ देऊ नका. आहेत त्यांच्यातल्या निम्म्यांना असू शकतं. तपासणीला नमुने पाठवू," ते म्हणाले. कमलबाईंनी मांजर पदरात घेतली. "दर खेपेला मी टोपली भरून धाडत होती," एवढंच म्हणाल्या. पातूरहून पिल्लं आणून, फोटोतल्या गब्बूसकट चौघांच्याही गालातून कापसाच्या बोळ्याने नमुना घेतला. दुकानदाराला एकही मिळणार नाही, हे कमलबाईंनी माझ्यासमोरच फोनवर सांगितलं. मी खुशीत पुण्याला परतले.

तीन आठवड्यांनी रिपोर्ट आले. दोन पिल्लं निरोगी, दोघांत दोष. गब्बू दोषवाल्यांत. मी लगेच सुधाताईंना फोन लावला. मला खरंच रडू येत होतं, पण आधी काम. म्हटलं, ताई, गब्बूचा नाद सोडा, ती पांढरी पिल्ली ठणठणीत आहे, ती आणा.

"पांढरीले घर भेटलं," त्या म्हणाल्या. "दुसऱ्या चांगल्यालेबी भेटलं. चांगल्याले कोनीबी नेते."

"मग?"

"मंग काय? याले कोन नेईन? काल आनला मी. मांडीवर झोपून राहिला, हळू बोल."