तीन मिनिटांची घंटा

मी प्रास्ताविक फार चांगलं करते. हा गुण नाही, दुखणं आहे, आणि आमच्या सगळ्या घरात ते एकट्या मला झालेलं आहे.

बावीस वर्षं मी बारामतीच्या एका शाळेत मराठी शिकवते आहे. निरोपसमारंभ असो, पालकसभा असो, की पाण्याच्या नव्या टाकीचं उद्घाटन असो, "सुनंदाबाई, दोन शब्द बोला" असं कुणी म्हणायची खोटी, माझ्या अंगात येतं! टाकीच्या वेळी मी पाण्याच्या महतीवर इतकी बोलले की पहिलीतल्या दोन मुली तहानेनं खाली बसल्या. तेव्हा सगळे हसले, मीही हसले. यंदा जे झालं त्याला मात्र पुरतं हसता येत नाही.

कावेरी माझी धाकटी बहीण. ती जन्मली तेव्हा आमच्या गावी, कळसला, घरोघरी पेढे वाटले होते, मुलगा झाला म्हणून. मुलगा नव्हताच, मुलगी होती, हे आम्हाला कळायला अठ्ठावीस वर्षं लागली. (तिला पाचव्या वर्षीच माहीत होतं. पण आमच्या घरात धाकट्यांना कोण विचारतंय!) सहा वर्षांपूर्वी ती साडी नेसून कळसला आली आणि आमच्या वडिलांच्या, आबांच्या, पाया पडायला वाकली. आबा ओरडले नाहीत, की हात उगारला नाही. उठले, गोठ्यात गेले आणि ती जाईपर्यंत बाहेर आले नाहीत. आई त्याआधीच गेलेली, त्यामुळे मध्ये पडणारं कुणी उरलं नव्हतं. मी होते म्हणा. पण मी मध्ये पडले म्हणजे भाषण करणार, म्हणून दोघांनीही मला गप्प बसवलं.

तेव्हापासून आबा तिच्याशी एक अक्षर बोलले नाहीत. कावेरीनं इंदापुरात ब्लाऊज शिवायचं दुकान टाकलं. दर दिवाळीला ती आबांसाठी आतल्या खिशाची बंडी शिवते आणि माझ्या हाती पाठवते. आबा ती मुकाट्यानं घालतात, दोन्ही हात वर करून बघतात आणि म्हशीला सांगतात, "खांद्यात बरुबर बसली बग."

मी तसंच्या तसं कावेरीला फोनवर कळवते. "खांद्यात बरोबर बसली म्हणाले!"

"कुणाला म्हणाले?"

"म्हशीला."

"बरं," ती म्हणते, आणि मशीन पुन्हा सुरू झाल्याचा आवाज येतो.

कावेरी कविता लिहिते. ब्लाऊज बेतायच्या खाकी कागदावर लिहिते, त्यामुळे विरहाच्या ओळींच्या मध्येच "छाती छत्तीस, बाही दहा" असं येतं. तिच्यासारख्या लिहिणाऱ्या आणखी बायका होत्या, दोघी-तिघी ट्रान्स मैत्रिणी होत्या. सगळ्या दुकानात जमून एकमेकींना वाचून दाखवायच्या. एकदा ती म्हणाली, "ताई, बारामतीत करू ना एकदा. एक सतरंजी, एक माइक. जिला वाटंल तिनं उठायचं, तीन मिनिटं वाचायचं आन् बसायचं. बास!"

"छान! मी बघते सगळं," मी म्हटलं. इथेच घात झाला.

आबांना बोलवायला मी कळसला गेले, तेव्हा ते वैरण तोडत होते.

"आबा, रविवारी माझा कार्यक्रम आहे. बायकांच्या कविता. या ना."

"तुजं भाषान हाय व्हय?"

"थोडंसंच."

"मंग थोडं न्हाय." विळा चालूच होता. वर न बघताच त्यांनी विचारलं, "ती शिलाईवाली बी वाचणार हाय का?"

सहा वर्षांत त्यांनी तिची चौकशी पहिल्यांदा केली होती. "हो, वाचणार आहे."

"सव्वापाचला तिथनं निगंन मी. म्हस दुसऱ्याच्या हाताला पान्हा सोडत न्हाय."

मी कावेरीला फोन केला. तिनं मशीन थांबवलं. मग म्हणाली, "ताई, माझी तीन मिनिटं तेवढी सांभाळ. बाकी काय नको मला."

आता हे एवढं साधं काम होतं. चौथीतला मॉनिटरसुद्धा पार पाडेल! पण घरी आमचे हे होते. अशोकराव सोमेश्वरनगरला कारखान्याच्या शेतकी खात्यात आहेत, आणि चार माणसं जमलेली दिसली की त्यांना सत्कार सुचतो.

"अध्यक्ष कोण?" त्यांनी पहिला प्रश्न टाकला.

"अध्यक्ष नाही. सतरंजी आहे."

"सतरंजी? अगं, लोक म्हणतील सुतकाला बोलावलंय! दीपप्रज्वलन, स्वागत, सत्कार, प्रास्ताविक, एवढं तरी पाहिजे का नको?"

'प्रास्ताविक' हा शब्द कानावर पडला आणि मी विरघळले. खोटं कशाला बोलू?

मित्राच्या मंगल कार्यालयाचा वरचा हॉल यांनी तीन ते साडेपाच मिळवला. साडेपाचला तिथे कुणाची तरी हळद होती. यांनी अध्यक्षा म्हणून एका महिला मंडळाच्या बाई ठरवल्या. बाई यजमानांशिवाय कुठे जात नाहीत, म्हणून यजमान अण्णासाहेब प्रमुख पाहुणे झाले. बायकांच्या कवितेला पुरुष प्रमुख पाहुणे, हे माझ्या लक्षात आलं होतं. पण तोवर फ्लेक्स छापून आला होता, त्यावर अण्णासाहेबांचा फोटो स्टुलाएवढा आणि कवयित्री पासपोर्टएवढ्या!

कवयित्री चौदा होत्या. तीन मिनिटांचा नियम पाळायचा म्हणून मी शाळेतली पितळी घंटा आणली. आणि कावेरीला मी चौदावी ठेवली, कारण सगळ्यात उत्तम ते शेवटी, असं मी मुलांना निबंध लिहायला शिकवते. या शिकवणीला काय म्हणावं!

रविवारी आबा सगळ्यांच्या आधी आले, अडीचलाच. अंगात तीच बंडी. पहिल्या रांगेत, घंटेच्या टेबलाशेजारी बसले. कावेरी मागच्या रांगेत मैत्रिणींबरोबर होती. दोघांनी एकमेकांना बघितलं आणि दोघंही पंख्याकडे बघायला लागले.

अध्यक्षाबाई आल्या पावणेचारला. पंख्यानं समई लागेना, म्हणून पंखे बंद केले. मग सत्कार सुरू झाले. बाईंचा, अण्णासाहेबांचा, हॉलवाल्या मित्राचा, त्याच्या आईचा. एका काकूंचं नाव राहिलं, त्या रुसून जिन्यात जाऊन उभ्या राहिल्या, त्यांना आणून त्यांचाही केला. शाली संपल्या तेव्हा यांनी अण्णासाहेबांचीच शाल हळूच उचलून पुन्हा वापरली! अण्णासाहेबांनी 'स्त्रियांनी बोललं पाहिजे' या विषयावर अठरा मिनिटं भाषण केलं. समोर चौदा बायका गप्प बसून ऐकत होत्या.

यानंतर तरी मी शहाणी व्हायचं की नाही? मी पाच मिनिटांचं प्रास्ताविक ठरवलं होतं. यांनी फोनवर त्याचं चित्रण केलंय, ते सव्वीस मिनिटांचं भरतं. "ज्यांना आजवर कुणी बोलू दिलं नाही, त्यांना आज आपण बोलू देणार आहोत," हे वाक्य त्यात नऊ वेळा आहे. दर वेळी मला गहिवरून आलंय. तो गहिवरही चित्रणात आहे.

पावणेपाचला पहिली कविता झाली. मी घड्याळ बघितलं आणि तोंडचं पाणी पळालं. चौदा त्रिक बेचाळीस, वर उठणं-बसणं वेगळं! मग मी घाई सुरू केली. तीन मिनिटांची दोन केली, दोनची दीड. कोऱ्हाळे बुद्रुकच्या रेश्मा नावाच्या अंगणवाडी ताई सासूवर कविता वाचत होत्या आणि सासू समोरच बसलेली. सून घाबरत घाबरत "माझ्या हातची भाकरी तुम्हा कधी गोड लागली" इथवर आली, आणि मी घंटा वाजवली.

सासू उठून उभी राहिली! "अवो बाई, वाजवताय काय? वाचू द्या की तिला! काय लिवलंय मला बी कळू द्या!"

मी ऐकलं नाही. त्या दोघींचं पुढे काय झालं असतं कोण जाणे.

पाच वाजले. जिन्यातून हळदीची पातेली वर यायला लागली. कार्यालयाचा माणूस म्हणाला, "मॅडम, साउंडवाला आलाय, आवरा." खाली दत्तूच्या पिकअपचा हॉर्न वाजला. दत्तू म्हणजे आबांचा शेजारी, त्याच्याच गाडीतून ते आले होते. आबा उठले नाहीत. पाच वाजून दहा मिनिटांनी मी चौदावं नाव पुकारलं. कावेरी उठली. तिच्या हातात खाकी कागद होता. ती माइकजवळ आली.

आणि मी माइक सोडला नाही.

काय सांगू, मला भरून आलं होतं! "कावेरीचा परिचय काय करून द्यावा," असं म्हणून मी तो करून द्यायला लागले. तिचं बालपण, तिचा धीर, आमची आई. "ही माझी बहीण आहे, पण त्याआधी..." असं काहीतरी मी म्हणत होते, आणि ती शेजारी कागद धरून उभी होती. हॉर्न वाजत होता.

तेवढ्यात घंटा वाजली. जोरात!

बघते तर घंटा आबांच्या हातात. "सुनंदे," ते म्हणाले, "खाली बस. तिला बोलू दी."

मी खाली बसले. कावेरीनं माइक तोंडाजवळ नेला, श्वास घेतला, आणि साउंडवाल्यानं आमच्या माइकची वायर काढून हळदीचं गाणं लावलं.

भिंती हादरल्या. यांनी हातवारे केले, मी कानावर हात ठेवून ओरडले, कुणाला काही ऐकू जाईना. कावेरी थांबली नाही. ती वाचत राहिली. ओठ हलत होते आणि शब्द एकही नाही. आबा कानामागे हात धरून, पुढे वाकून, तिच्या तोंडाकडे बघत राहिले. पुरी तीन मिनिटं. मी तेव्हा रडले, आणि माझ्या रडण्यातही मला माझाच राग येत होता.

वाचून झालं. आबा उठून तिच्याजवळ गेले. त्याच वेळी गाणं बदलायला क्षणभर थांबलं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. सहा वर्षांनंतर ते तिच्याशी पहिलं वाक्य बोलले.

"काय बी ऐकू आलं न्हाय."

"व्हय आबा," कावेरी म्हणाली.

त्यांनी हात पुढे केला. तिनं कागद दिला. त्यांनी त्याची घडी घालून बंडीच्या आतल्या खिशात ठेवली आणि जिना उतरले. घंटाही घेऊनच गेले, हे मला सोमवारी शाळेत कळलं.

पुढच्या रविवारी मी कळसला गेले. आबांच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे, कागदावरचं त्यांना दिसत नाही, हे मला माहीत होतं. "आबा, द्या, मी वाचून दाखवते," मी म्हटलं. "फक्त वाचण्यापूर्वी थोडी पार्श्वभूमी..."

उशाची घंटा वाजली.

"तू नगं," आबा म्हणाले. "जिनं लिवलंय ती वाचंल. तोवर ऱ्हाऊ दी खिशात."

मी तशीच एसटीनं इंदापूर गाठलं. कावेरी काज करत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं आणि दोरा दातानं तोडला.

"म्हणाले तसं? माझ्याबद्दल?"

"तुझ्याबद्दलच. मला म्हणाले. म्हशीला नाही."

तिचे डोळे भरले. मग म्हणाली, "ताई, सहा वर्षं मी वाट बघितली. आता लगेच धावत जायला पाय उचलत न्हाईत. भीती वाटती. वाचून झाल्यावर पुन्हा गोठ्यात गेले तर?"

मी भाषण न करता सुईत दोरा ओवून दिला. (असं माझं सहसा होत नाही.)

"येईन मी," ती शेवटी म्हणाली. "कधी ते ठरवू दे. पण एका अटीवर. तिथं तू तोंड उघडायचं न्हाय."

मी तिला वचन दिलं. मी एक शब्दही बोलणार नाही, हे तिला नीट पटवून देण्यात पाऊण तास गेला, आणि बारामतीची माझी गाडीही गेली.