साक्षीसाठी शिवलेली पँट

माझ्या थोरल्या बहिणीने आयुष्यभर लोकांची अंगं झाकली. कुणाचं पोट सुटलेलं, कुणाचा एक खांदा खाली, कुणाला पोक. ताईने शिवलेला कपडा अंगावर चढला की माणूस सरळ दिसायचा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. खिडकीशी मशीन, मधे कापायचं टेबल, भिंतीवर फ्रेम केलेलं बायबलमधलं एक वचन. काज-बटणं करायला मी. गिऱ्हाइकांशी भांडायलाही मीच, कारण ताईला भांडता येत नाही. निदान तेव्हा येत नव्हतं.

तिचा एकुलता एक मुलगा रंगारी. उंचीमुळे सगळे त्याला लंबू म्हणायचे. वार्षिक मेळाव्याआधी आमच्या चर्चची बाहेरची भिंत रंगवायला मंडळीने, म्हणजे चर्चच्या लोकांनी, त्याला बोलावलं. देवाचं काम, म्हणून फुकट. शिडी सरकली आणि पोरगा वरून थेट फरशीवर आला. कमरेचं हाड मोडलं, एका पायाचा तर चुराच झाला. भाऊजी कधीच गेले होते, त्यामुळे त्याला उचलायला, बसवायला, पुसायला आम्ही दोघी बहिणी.

मंडळीने आम्हाला वाऱ्यावर सोडलं नाही, हे मान्य करते. दर बुधवारी दुपारी ताईच्या दुकानात खुर्च्या मांडून प्रार्थना व्हायची. आमची रीत अशी, की गोल बसायचं, एकेकाने मोठ्याने प्रार्थना करायची आणि ती संपली की बाकीच्यांनी ‘आमेन’ म्हणायचं. आमेन म्हणजे असंच होवो. दुसऱ्याच्या मागणीवर आपली सही. मी डोळे किलकिले ठेवून बसणाऱ्यातली. ताई मात्र असे घट्ट मिटायची, की मशीनवर छत कोसळलं तरी उघडले नसते.

आणखी एक बाई घरी यायची, फिजिओथेरपिस्ट. लंबूने तिचं नाव हेडमास्तरीण ठेवलं होतं. ती चर्चला जात नव्हती, गोड बोलत नव्हती आणि लंबू रडायला लागला की खिडकीबाहेर बघत ‘चला, पुन्हा’ म्हणायची. पण तिनेच त्याला पलंगावरून खुर्चीत आणलं आणि खुर्चीतून कुबड्यांवर. दुसरं वर्ष सरत आलं तेव्हा तो कुबड्या सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाऊ लागला. अर्थात पायाला कॅलिपर लावून, म्हणजे पोलादी सळ्या आणि वर चामड्याचे आवळलेले पट्टे. ते पट्टे मधेमधे सैल करावे लागत, म्हणून ताईने त्याच्या सगळ्या पँटींची बाहेरची बाजू उसवून तिथे वेल्क्रो लावलं होतं.

मग एके दिवशी आमच्या चर्चचे पाळकसाहेब आले. यंदाच्या मेळाव्यात लंबूने साक्ष द्यावी, म्हणजे देवाने आपल्याला कसं बरं केलं ते सांगावं, व्यासपीठावर चालून दाखवावं, असं त्यांचं म्हणणं.

“फक्त ते लोखंड दिसायला नको,” ते म्हणाले. “लोकांचं लक्ष तिकडेच जातं. एखादी ढगळ, साधी पँट शिवा ना त्याला.”

“आणि फिजिओबाईंचं काय?” ताईने विचारलं.

“सांगू की! सगळ्यांचे आभार मानू.”

ते गेल्यावर मी म्हटलं, “ताई, मला हे काही खरं वाटत नाही.”

“तुला काय, कशातही खुसपट काढायची सवय.”

तिने काळी पँट शिवली. झकास शिवली. बाहेरची शिवण मात्र कच्च्या टाक्यांची ठेवली. कार्यक्रम संपला की एक दोरा ओढायचा, पाय मोकळा करायचा. हेडमास्तरणीलाही तिने आग्रहाने बोलावलं आणि पुढच्या रांगेत आपल्याशेजारी बसवलं.

लंबू चालला. अगदी राजबिंडा दिसत होता, खोटं कशाला बोलू. लोक उभे राहिले, टाळ्या, हुंदके. पाळकसाहेबांनी माइक तोंडाशी धरला.

“डॉक्टरांनी हात टेकले होते! ना औषध, ना व्यायाम, केवळ आपली प्रार्थना! बघा, या पायाला आज कशाचाही आधार नाही!”

 हेडमास्तरणीने मांडीवरची पर्स खांद्याला लावली आणि ती उठून चालू लागली.

ताई व्यासपीठावर गेली. मला वाटलं, पोराला मिठी मारायला गेली. ती त्याच्या पायाशी खाली बसली, दोऱ्याचं टोक शोधलं आणि ओढलं. शिवण मांडीपर्यंत उघडली आणि आतलं पोलाद दिव्यांत लखकन चमकलं.

“हा आधार आहे,” ती म्हणाली. “आणि ज्या बाईने त्याला उभं केलं ती निघून चालली आहे.”

माइक नव्हता, तरी शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेलं. पाळकसाहेब म्हणाले, याच्या आईच्या मनावर फार ताण आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना करू. आणि लोकांनी डोळे मिटले! आमच्या बाजूने एक माणूस उठला नाही. पुढे गिऱ्हाइकांकडून कानावर आलं, की ताईने सैतानाला घरात जागा दिली.

बुधवारी ताईने नेहमीसारख्या सगळ्या खुर्च्या मांडल्या. कुणी आलं नाही. मग माझा तोल सुटला. “गळा कापला यांनी आपला! यांच्या भिंतीवरून पोरगा पडला, आणि तो बरा झालाय असं दाखवून यांना हात झटकायचे होते!”

“मावशी, पुरे,” लंबू म्हणाला. मेळाव्यापासून तो आईशी बोललाच नव्हता. “ते काय बोलणार, हे पाळकांनी मला आधीच सांगितलं होतं. मी हो म्हटलं होतं.”

ताईच्या हातातला कपडा खाली पडला. “का रे?”

“दोन वर्षं सगळे माझ्या पायाकडे बघतात. त्या दिवशी तोंडाकडे बघत होते. तुला वाटतंय तू मला वाचवलंस. आई, तू मला सगळ्यांसमोर उघडं केलंस. एकदा विचारायचंस तरी.”

“खोटं होतं ते, बाळा.”

“हो. पण माझं होतं.”

 मग तोच म्हणाला, “खुर्च्या मांडल्याच आहेत, तर प्रार्थना करू.” आम्ही तिघं त्या रिकाम्या गोलात बसलो आणि तो मोठ्याने बोलू लागला.

“प्रभू, हेडमास्तरणीला परत पाठव. मावशीची जीभ आवर. आणि माझ्या आईला तू क्षमा कर, कारण मला ते जमत नाही.”

तो थांबला.  मी ताईकडे बघितलं. तिचे डोळे सताड उघडे होते, पोराच्या तोंडावर खिळलेले, आणि तिने एकटीने, स्पष्ट, ‘आमेन’ म्हटलं.